चप्पल परत आणणारा पाहुणा

आधी भांडण, मग खुशाली. लेकाच्या डोक्यात कुत्र्याचं खूळ भरवणारा तूच, हे परवा सून बोलून गेली. “मामाच म्हणाले, आईंना दिवसभर सोबत होईल.” सोबत! तुझ्याकडे मागायला आले होते का मी? दुपारची निवांत पडत होते, तेवढं तुझ्या डोळ्यांत खुपलं.

असो. धाकट्या भावाला थोरल्या बहिणीचा आशीर्वाद. कंबर कशी आहे? शेक घेतोस की नुसताच कण्हतोस? भावजयीलाही आशीर्वाद. तिला जरा जास्त, कारण तिला तुझ्यासोबत राहायचं आहे. माझी तब्येत विचारू नकोस, खाली सांगतेच आहे.

त्या जातीचं नाव रिट्रीव्हर. लेक म्हणतो, शिकाऱ्याने पाडलेला पक्षी दात न लावता आणून देणं ही ह्यांच्या खानदानाची नोकरी. आमच्याकडे शिकारी कोणी नाही (लेक झुरळ बघून खुर्चीवर चढतो), त्यामुळे हा बिनकामाचा नोकर दिसेल ते उचलतो आणि माझ्यापुढे हजर करतो. ओला मोजा, सुनेचा कंगवा, शेजाऱ्यांचं पायपुसणं. एकदा अख्खं अंडं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तडासुद्धा गेला नव्हता. मी दचकून उठले म्हणून ते फुटलं. बोलणी मात्र त्याने खाल्ली. मी त्याला पाहुणा म्हणते, म्हणजे जायचंय हे त्याच्या ध्यानात राहील.

पहिल्याच दिवशी हाकलायला चप्पल फेकली. माझी चप्पल तुला ठाऊक आहे, तुझ्यापासून लेकापर्यंत सगळे तिनेच सरळ झाले. हा पठ्ठ्या धावत गेला, चप्पल उचलली आणि शेपटीने स्टूल पाडत परत आणून दिली. पुन्हा फेकली, पुन्हा हजर. मला वाटे मी मारतेय, त्याला वाटे मी खेळवतेय. सून कामावरून आली तेव्हा माझा खांदा भरून आला होता आणि तो अजून ताजाच. (फेकलेली चप्पल परत आणून द्यावी, ही अक्कल तुम्हा एकालाही कधी सुचली नाही.)

दमणं त्याला ठाऊक नाही. सकाळी लेक पळवून आणतो. लेक सोफ्यावर आडवा, आणि पाहुणा पट्टा तोंडात धरून माझ्यासमोर उभा. मग मी नेते. नेते कसली, त्याच्यामागे जाते. डॉक्टर म्हणाला, आजी, गुडघे सुधारलेत, कुठली गोळी घेता? म्हटलं, केसाळ आहे, सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागते.

तर रोज उठून मी लेकाला सुनावत होते, घरात हा तरी राहील नाही तर मी. गाढवाने आयुष्यात पहिल्यांदा आईचं ऐकलं. रविवारी तुझा मुलगा टेम्पो घेऊन येणार आणि पाहुण्याला तुमच्याकडे नेणार, असं त्या दोघांनी परस्पर ठरवलंय. तुमचं अंगण मोठं आहे, बरंच झालं. सुटले एकदाची.

तुझी ताई

ता. क. – गेल्या आठवड्यात मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना खाली बसले, ती उठताच येईना. गुडघे सुधारले तरी काठी सोडू नका, असं डॉक्टरने बजावलेलं. त्याच रागाने मी ती कुंपणाकडे भिरकावली होती. घरात कोणी नाही. पाहुण्याला म्हटलं, आण. त्याने चप्पल आणली. मग बादलीतला मग, नंतर लेकाची ओली विजार. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे काठी आली. हुशारी वगैरे काही नाही, आणण्यासारखं दुसरं उरलंच नव्हतं. पण मी उभी राहीपर्यंत शेजारून हलला नाही. लेकाला हे कळू द्यायचं नाही. तो माझ्यावर लक्ष ठेवायला बाई नेमेल, आणि बाईवर चप्पल फेकता येत नाही.

आणखी एक – रविवारी टेम्पो यायला नको. तो बिघडलाय म्हणा, नाही तर कुत्रं ठेवणं आम्हाला झेपणार नाही म्हणा. नकार तुमच्याकडून आला पाहिजे. मी पुढेही कुरकुर करणार आहे, त्यात कोणी मध्ये पडू नये. तू खोटं बोलायला लागलास की हसतोस, आणि माझी चप्पल तिथवर पोचत नाही. तेव्हा लेकाला उत्तर भावजयीनेच द्यायचं. तू फोनला हात लावायचा नाहीस.