वृंदा कुठवर आली?

दि. ६ डिसें., शनि. लोणावळा.

निर्मला माधव टिळेकर, तुझे पूर्ण नाव लिहून आज आरंभ करतो. वर्षभर या वहीत तुझा उल्लेख केवळ 'ती' असा झाला. ते योग्य नव्हे.

सकाळी वृंदाचा चेन्नईहून दूरध्वनी आला. तुझे वर्षश्राद्ध तिथीप्रमाणे बुधवारी, १७ रोजी. ती सोमवारी, १५ रोजी येईल. या खेपेस मुंबईस न उतरता पुण्यास उतरणार आहे. मग म्हणाली, "बाबा, मार्ग लिहून पाठवा. नेहमीसारखा."

मी 'बरे' म्हटले आणि फोन ठेवला. चहा निवून गेला.

तिला काही आठवत नसेल का? की आठवत असूनही मागितला?

दि. ८ डिसें., सोम.

कागद घेऊन बसलो. वर 'वि.त. (विमानतळ) ते लोणावळा' एवढेच झाले. पुढे हात चालेना.

या घरातून कोणीही प्रवासास निघाले की मार्गाची चिठ्ठी मी द्यायची, ही आपली रीत. कोणती गाडी, कोणता फलाट, कोणत्या पुलावरून, किती वाजता. एकतीस वर्षे देहूरोडच्या डेपोत नकाशे काढले. अक्षर सुवाच्य, आकडे नेमके. तू चिठ्ठी घडी करून पर्समध्ये टाकत असस आणि 'आता मी हरवणार नाही' असे गंभीर चेहऱ्याने सांगत असस.

गतवर्षी २८ डिसें., शनिवार. डॉक्टरांनी घरी नेण्यास सांगून चार दिवस झाले होते. वृंदा मुंबईस उतरणार होती. तिला आदल्या दिवशी चिठ्ठीचे छायाचित्र धाडले: वि.त. ते दादर बसने, दादरहून दुपारची पुण्याची गाडी, लोणावळा ४.५०, रिक्षाने घर ५.१०. 'टॅक्सी करू नये' हे वाक्य अधोरेखित केले होते.

तू दर थोड्या वेळाने विचारत होतीस, "वृंदा कुठवर आली?" तिचा फोन लागत नव्हता, 'निघाले' एवढाच संदेश होता. मी घड्याळ व चिठ्ठी पाहून सांगत गेलो. आता दादर. आता कल्याण. आता कर्जत, मागून इंजिने जोडत असतील. आता बोगदे. आता खंडाळा. आता रिक्षा.

५.१० नंतर मजजवळ सांगण्यासारखे स्थानक उरले नाही.

तू दाराकडे पाहत राहिलीस. ५.२५ ला संपले. वृंदा सात वाजता आली. गाडीस उशीर झाला असणार, हे मी गृहीत धरले, विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. टॅक्सीने ये म्हटले असते तर तिची व तुझी भेट झाली असती. वर्षभर हेच.

दि. १० डिसें., बुध.

ज्या वाटेने स्वतः गेलो नाही ती लिहून द्यायची नाही, असे ठरवून सकाळच्या लोकलने पुण्यास गेलो. बाजारापलीकडे जाण्याची वर्षातील ही पहिलीच वेळ. देहूरोडला सवयीने उठून उभा राहिलो. समोरचे गृहस्थ म्हणाले, "बसा हो आजोबा, पुणं लांब आहे अजून."

पुणे स्टे. वरून मेट्रो. रामवाडीपर्यंत सहा स्थानके, स्टे. धरून. डबा स्वच्छ, घोषणा मराठीत. (बंडगार्डनपुढे नदी ओलांडताना डावीकडे बसावे.) रामवाडीस जिना उतरून विमानतळाची छोटी बस.

बसमध्ये वाहकाने मला आपादमस्तक न्याहाळले.

"काका, बॅग कुठंय?"

बॅग नाही, असे सांगितले.

"मग फ्लाइट?"

फ्लाइटही नाही, मार्ग तपासण्यास आलो आहे.

त्याने तिकीट हातात ठेवले. "तपासा, तपासा. आम्ही पास का नापास, ते उतरताना सांगा."

नव्या इमारतीसमोर उतरलो. बाहेर पडणारे प्रवासी कोणत्या दाराने येतात, बसथांबा तेथून किती पावलांवर, पाणी कोठे, बसण्यास बाक कोठे, सर्व टिपले. दोनशे बारा पावले. सामान असल्यास जास्त धरावीत. दारावरील जवानाने दोनदा हटकले. तिसऱ्यांदा स्वतःच बाक दाखविला.

परतीस तोच वाहक. मी 'उत्तीर्ण' असे सांगितले. सबंध बसला ऐकू जाईल असे तो हसला, आणि मलाही हसू आले. नोंद करून ठेवतो.

दि. ११ डिसें., गुरु.

चिठ्ठी पूर्ण करून छायाचित्र धाडले. खाली लिहिले: 'टॅक्सी करावयाची असल्यास करावी.' हे वाक्य लिहिण्यास सर्वांत जास्त वेळ लागला.

तिचे उत्तर: 'चिठ्ठीप्रमाणेच येते.'

सायंकाळी हौसाबाई आल्या. तुंगार्लीच्या ज्या बंगल्याच्या मागल्या खोलीत तुझा शिवणवर्ग चाले, तो बंगला त्याच राखतात. मालकांस महिनाअखेर खोली हवी आहे. किल्ल्या मजकडे वर्षभर पडून आहेत.

"भाऊ, बाई गेल्यापून मी भाईर रोज झाडती," म्हणाल्या, "आत कुनी पाय ठेवला न्हाई. तुमी या. म्या येकली उघडायची न्हाई."

वृंदा आल्यावर उघडू, असे सांगितले.

दि. १५ डिसें., सोम.

आज सविस्तर लिहिणे भाग आहे.

वृंदाने 'एकटी येते' म्हटले होते, तरी मी गेलो. ठरल्या बाकावर बसलो. ती बाहेर आली, माझ्याकडे पाहिले आणि प्रथम चिठ्ठी वर धरून दाखविली. छापून आणली होती. कृश झाली आहे. केसांत पांढरे.

बस, मेट्रो. नदी ओलांडताना मी तिला डावीकडे बसविले. स्टेशनात पोळीभाजी खाल्ली. दुपारची लोकल रिकामी होती. तळेगावपर्यंत ती नोकरीविषयी बोलली. कामशेत गेल्यावर म्हणाली,

"बाबा, त्या दिवशी मी रेल्वेने आलेच नाही."

मला अर्थबोध झाला नाही.

"टॅक्सी केली होती. वाटलं लवकर पोचेन. शनिवार आहे हे लक्षातच आलं नाही. घाटात तीन तास एका जागी उभी होते. खाली उतरून चालत निघाले, तर पोलिसांनी परत बसवलं."

वर्षअखेरच्या आठवड्यात, शनिवारी, मोटारीने घाट चढू नये, हे लोणावळ्यातले शाळकरी पोरही सांगेल. तिला सांगावे लागेल असे मला कधी वाटले नव्हते. दहा वर्षे बाहेर राहिलेली मुलगी हे विसरू शकते.

आधी का नाही बोललीस, असे विचारले. तिने खिशातून दुसरा कागद काढला. गतवर्षीच्या चिठ्ठीचा. 'टॅक्सी करू नये' खाली माझी रेघ.

"तुम्ही लिहून दिलं होतं, बाबा. चार-पन्नासला लोणावळा. चिठ्ठीप्रमाणे आले असते तर आई भेटली असती."

मळवली आली.

निर्मला, खरे ते लिहितो. प्रथम मला सुटल्यासारखे झाले. छातीवरची पेटी कोणी उचलून नेली. तिला अडविणारी माझी चिठ्ठी नव्हती. श्वास खोल गेला, इतका की तिने मान वळवून पाहिले.

आणि लगेच दिसले की ती पेटी वर्षभर तिच्याही छातीवर होती. माझी उतरली म्हणून तिची उतरणार नव्हती.

'तसे काही नसते' एवढेच म्हणालो. फार अपुरे वाक्य.

दि. १६ डिसें., मंगळ.

सकाळी भांगरवाडीत रेल्वेचे एक निवृत्त गार्ड राहतात त्यांच्या घरापर्यंत गेलो. त्या दिवशीची गाडी वेळेवर होती का, हे ते दोन फोन करून काढू शकतील. उशिरा असली तर वृंदा सुटेल.

वेळेवर असली तर?

फाटकाची कडी हातात होती. परत आलो. वाटेत भाजी घेतली. मेथी बरी निघाली.

दि. १७ डिसें., बुध.

वर्षश्राद्ध यथासांग. गुरुजी वेळेवर. हौसाबाई व वर्गातील सहा जणी जेवावयास होत्या. वृंदाने तुझ्या पद्धतीची खीर केली. वेलची अधिक पडली. पिंडास कावळा लगेच शिवला. वृंदा तेथून आत निघून गेली. मी जाऊ की नको...

गेलो नाही.

दि. १९ डिसें., शुक्र.

खोली उघडली. कुलूप गंजले होते. हौसाबाईंनी गोडेतेल सोडले. धूळ, कापडाचा वास, भिंतीवर तुझी मापपट्टी. यंत्रावर अर्धा शिवलेला परकर तसाच.

वृंदा व हौसाबाई कपाट रिते करू लागल्या. खालच्या फळीवर बिस्किटांचा चौकोनी डबा. आत माझ्या चिठ्ठ्या. सगळ्या. नाशिकच्या लग्नाची, वृंदाच्या पहिल्या मुलाखतीची, मिरजेच्या डॉक्टरांची. तू एकही टाकली नव्हतीस. पाठकोऱ्या बाजूंवर ब्लाऊजची मापे.

पुढच्या बाजूस, माझ्या प्रत्येक वेळेशेजारी, पेन्सिलने तुझा बारीक आकडा. माझे ११.१५, तुझे ११.५०. माझे ७.४०, तुझे ८.२०. माझे ५.००, तुझे ५.४५. घरी पोहोचल्यावर खरी वेळ लिहून ठेवत होतीस. कितीएक वर्षे.

एकही चिठ्ठी तंतोतंत उतरलेली नव्हती. मी खुर्चीवर बसलो.

हौसाबाईंना हसू आवरेना. "आवं, बाई आमाला सांगायच्या ना. आमचे हे पाच म्हनले की पावनेसा समजायचं, आन सैपाक त्याच हिशेबानं टाकायचा."

हे तू मला कधी म्हणाली नाहीस. चाळीस मिनिटे मनातल्या मनात मिळवून माझ्यासोबत निमूट निघत राहिलीस.

मग ते आठवले. त्या दिवशी ५.१० नंतर मी सारखा दाराशी जात होतो. तू म्हणालीस, "धीर धरा हो, येईल ती." मी समजलो, माझे सांत्वन करते आहेस. तू तर हिशेब केलेला होतास. तुझ्या लेखी वृंदाला अद्याप उशीर झालाच नव्हता. दाराकडे पाहत होतीस ती हताश होऊन नव्हे. तुझ्या घड्याळाप्रमाणे ती वेळेवर होती.

डबा वृंदापुढे ठेवला. तिने एकेक चिठ्ठी पाहिली, पाठपोट. पुष्कळ वेळ. शेवटी गतवर्षीचा तो कागद काढून इतरांशेजारी ठेवला. त्यावर पेन्सिलीचा आकडा नव्हता.

"म्हणजे चिठ्ठीप्रमाणे आले असते तरी..." एवढे बोलून थांबली.

मी म्हणालो, "तुझ्या आईच्या अनुभवानुसार, पावणेसहा."

"खरंच, बाबा?"

"मला ठाऊक नाही. परंतु तिच्या लेखी तू उशिरा आलेली नव्हतीस. हे मात्र मला ठाऊक आहे."

ती रडली. हौसाबाईंनी तिला यंत्रामागे जवळ घेतले आणि मला, "भाऊ, तुमी जरा भाईर उन्हाला बसा," असे सांगितले. बसलो. ऊन चांगले होते.

दि. २० डिसें., शनि.

यंत्र हौसाबाईंच्या सुनेस. कापड वर्गातील मुलींस. डबा मजकडे. परकर वृंदा नेणार. चेन्नईस जाऊन पुरा करीन म्हणते. तिला शिवता येत नाही. 'शिकेन' म्हणाली.

रस्त्यावर मोटारींची रांग पार खंडाळ्यापर्यंत. आम्ही दोघे सज्जातून पाहत चहा प्यायलो. ती म्हणाली, "यातल्या एकाला तरी चिठ्ठी द्यायला हवी होती तुम्ही." वर्षात प्रथमच तिने माझी थट्टा केली.

फेब्रुवारीत चेन्नईस ये, असा तिचा आग्रह. मी आजवर विमानात बसलेलो नाही. पाहू, म्हटले.

दि. २१ डिसें., रवि.

वृंदा सकाळच्या लोकलने निघाली. विमानतळापर्यंत येतो म्हटले. नको म्हणाली, मार्ग पाठ झाला आहे. लोणावळा, पुणे स्टे., रामवाडी, वि.त. फलाटावर बोटांवर मोजत म्हणून दाखविला. मी १०.३५ ला पोहोचशील असे लिहून दिले होते. ११.१० ला संदेश आला: 'पोचले. आईचा आकडा बरोबर.'

हे वाचून सज्जात थोडा वेळ बसलो. समाधान वाटले. मग चिठ्ठीच्या माझ्याजवळील प्रतीवर पेन्सिलने ११.१० लिहिले.

कोऱ्या कागदावर 'लोणावळा ते चेन्नई' असेही लिहून ठेवले आहे. वेळा घातलेल्या नाहीत. निवृत्त गार्ड बाजारात भेटले. नमस्कार झाला. त्या गाडीविषयी विचारले नाही. कदाचित पुढे केव्हातरी विचारीन.

तिसऱ्या प्रहरी तुंगार्लीस गेलो. खोली रिकामी. मापपट्टी तेवढी भिंतीवर राहू दिली. खिडक्यांच्या कड्या तपासल्या. दार लावले, कुलूप घातले, दोनदा ओढून पाहिले. दोन्ही किल्ल्या हौसाबाईंच्या हाती परत दिल्या. वेळ ४.५०.