लादीलाही लागतं

आई, मनगटावर दातांची खूण अजून आहे, आणि मला तुमच्याशी भांडायचं आहे. दुसरं कुणी भांडायच्या लायकीचं उरलेलं नाही. तुमच्या लेकाशी काही बोलायला जावं तर तो टीव्हीचा आवाज वाढवतो, हे तुम्हाला मी काय सांगू. तुम्ही गेलात तेव्हा माझे केस काळे होते, आता तुमच्याहून पांढरे झालेत. आपलं पाळणाघर मात्र अजून तिथेच आहे, डोंबिवलीत, तळमजल्यावरच्या त्याच दोन खोल्यांत. बाहेरच्या खोलीत तीच हिरवट लादी. सोसायटीवाले म्हणाले, काकू, आता टाइल्स घालून घ्या, छान गुळगुळीत. मी म्हटलं, पोरं घसरतील. खरं म्हणजे ती लादी तुम्ही इतकी बडवलीत की ती काढून टाकायचं जिवावर येतं.

पोरं होती तशीच आहेत, आईबाप बदललेत. तुमच्या वेळी आई दारात पोर सोडायची, "जेवला नाही तर एक ठेवून द्या" म्हणायची आणि स्टेशनकडे पळायची. आता व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे. त्यावर रोज कुठल्या ना कुठल्या देशाचा व्हिडिओ येतो. बर्फात राहणारी माणसं पोरांवर कधी म्हणजे कधीच ओरडत नाहीत, म्हणून त्यांची पोरं शांत. आणखी कुठल्या देशात पोरांना शाब्बास म्हणत नाहीत, नुसतं कामाला घेतात, म्हणून त्यांची पोरं सांगितलेलं ऐकतात. खाली मला निरोप, काकू, प्लीज आपणही करूया ना. मी "हो" लिहिते. हा बर्फवाला व्हिडिओ ज्या बाबांनी टाकला, ते संध्याकाळी शीळफाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा येतात आणि गाडीचं दार लागायच्या आत पोरावर खेकसतात. माझी खिडकी रस्त्याला लागून आहे, मला सगळं ऐकू येतं. पण दमलेल्या माणसाला काय बोलायचं.

आता ज्या पोरीमुळे हे लिहायला बसले तिचं सांगते. साडेतीन वर्षांची आहे, टपोऱ्या डोळ्यांची, आणि चावते. आधीच्या पाळणाघराने त्यावरूनच काढलं होतं. तिची आई एकटी आहे, लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्त घेते, सकाळी लवकर निघते. पहिल्याच दिवशी दारात उभी राहून म्हणाली, "काकू, तुम्हीपण काढलंत ना, तर मला नोकरी सोडावी लागेल. टिटवाळ्याला आई आहे माझी, पण तिला नीट दिसत नाही." पोर तिच्या ओढणीचं टोक चावत होतं. मी म्हटलं, बघू, ठेव तर खरी. तुम्हीही ठेवून घेतलं असतंत.

एका सोमवारी ती धावताना लादीवर सपशेल पडली. मी उचललं, आणि तोंडातून तुमचंच बोलणं निघालं. "कुणी मारलं माझ्या छकुलीला? ह्या लादीने? थांब हं. मार तिला. दे फटका." तिने इवल्या तळव्याने लादीला दोन दिल्या आणि रडं जागच्या जागी थांबलं. तुमची ती जादू कधी फुकट गेलेली मी पाहिलेली नाही. पण जरा वेळाने एक मुलगा खेळातली गाडी ढकलत आला आणि गाडीचं चाक हिच्या पायावर गेलं. मुद्दाम नव्हे, त्याचं लक्षच नव्हतं. हिने त्याचा दंड धरला आणि रक्त येईतो चावली. मी दोघांना वेगळं केलं, त्याला हळद लावली, हिला समोर बसवलं. का चावलीस ग? तर शांतपणे म्हणते, "त्याने मला बाऊ केला. मग मी त्याला दिलं. लादीला देतो ना आपण?" आई, मी हळदीच्या डब्याला झाकण लावलं. इतकी वर्षं आपण पोरांना शांत करतो म्हणून मिरवलं, आणि शिकवलं काय, तर लागलं की ज्याने लावलं त्याला हाणायचं. ह्याचाच मला राग आला, आणि तो सगळा तुमच्यावर.

संध्याकाळी मुलाचे बाबा आले, तेच बर्फवाले. दंड बघितला आणि दातओठ खात म्हणाले, "काकू, शुक्रवारपर्यंत ठरवा. ती राहणार की आमचा राहणार. आणि आमचा गेला तर ग्रुपमधले बाकीचेही जातील." ते गाडीकडे गेले, त्याची आई मागे रेंगाळली. ती नवऱ्याच्या कंपनीमुळे दोन वर्षं जपानात राहून आलेली आहे. म्हणाली, "काकू, तुम्हाला हसू येईल. तिकडे आमच्या शेजारी एक आजी होत्या. त्यांचा नातू एकदा खुर्चीला आपटला. त्यांनी आधी त्याला चोळलं आणि मग खुर्चीलाही चोळलं. म्हणाल्या, तिलाही लागलं असेल." मी म्हटलं, पोरगा भोकाड पसरून बसलाय आणि ह्या खुर्चीला कुरवाळतायत, चांगलंय. ती म्हणाली, "मलाही तेव्हा तसंच वाटलेलं. पण तो रडता रडता थांबला आणि स्वतःच खुर्चीला चोळायला लागला." पण ते काही डोक्यातून जाईना.

मंगळवारपासून मी तसं करून बघितलं. वाटलं तितकं सोपं नव्हतं. पोरगी पडली की मी तिला जवळ घ्यायची, मग लादीवर हात फिरवायची. "बघू, हिला कुठे लागलं?" ती माझ्याकडे अशी बघायची की जणू मी फितूर झाले. "तिला मार!" म्हणून किंचाळायची. मी मारत नाही म्हटल्यावर खोकून खोकून लाल व्हायची. बाकीची पोरं घाबरून रडायला लागायची. वरच्या मजल्यावरच्या बाई दारात येऊन "काय झालं?" विचारून गेल्या. मी आवाज चढवला नाही, पण आतून नुसती उकळत होते. बर्फात राहणाऱ्यांना पाळणाघर चालवावं लागत नाही, एवढंच मनात यायचं. तिची आई रोज संध्याकाळी दारातूनच माझा चेहरा वाचायची आणि काही न विचारता पोरीच्या चपला शोधायची.

त्या दिवसांत मला सारखं आपलं स्वयंपाकघर आठवत होतं. मी तुमची सून होऊन तीन वर्षं झाली होती, तुमचा नातू दोन वर्षांचा. त्याने दुधाचं पातेलं उपडं केलं, उरलंसुरलं सगळं दूध ओट्यावरून खाली. माझा हात उठला. तुम्ही तो वरच धरलात. गॅस बंद केलात. म्हणालात, "हात उचलायचा तर लादीवर उचल. पोरावर नाही. ह्या घरात नाही." आणि मला दाखवावं म्हणून की काय, खाली बसून त्या दुधातच लादीवर असा फटका मारलात की हातातली काचेची बांगडी पिचली. मी मनात म्हटलं, काय ही नाटकं. चार दिवस तुमच्याशी तेवढ्यास तेवढं बोलत होते. तुम्हीही समजूत काढायला आला नाहीत, ताटात पोळी मात्र गरम वाढत राहिलात.

शुक्रवार उजाडला. त्या मुलाची आई दुपारीच आली, म्हणजे निकाल ऐकायलाच. ती दारात उभी आणि नेमकी त्याच वेळी पोरगी चटईच्या कडेला अडखळली आणि लादीवर आपटली. मी खाली बसले. "दाखव, तुला कुठे लागलं. आणि लादीला..." माझं वाक्य पुरं व्हायच्या आत ती माझ्या मनगटाला चावली. सोडेचना. कळ डोक्यात गेली आणि माझा दुसरा हात वर उठला. दारातल्या बाईने तोंडावर हात नेला, ते मला दिसलं. मग तो हात खाली आला, लादीवर, जीव खाऊन. 

पोरीने दात सोडले. लादीकडे बघत राहिली. मग बसली, जिथे माझा हात पडला होता तिथे तळवा ठेवला आणि हळूच म्हणाली, "काकू, तिला लागलं." मी म्हटलं, "हो, खूप लागलं." "फुंकर घालू?" घाल म्हटलं. ती ओणवी होऊन लादीवर फुंकर घालायला लागली. तेवढ्यात तो दंडाला पट्टी लावलेला मुलगा आला आणि तिच्या शेजारी बसून फुंकायला लागला. ती जरा सरकली, त्याला जागा करून दिली. माझ्या मनगटाकडे दोघांनी ढुंकून पाहिलं नाही. त्याची आई डोळे पुसत म्हणाली, "काकू, राहू दे तिला. ह्यांना मी सांगते." संध्याकाळी ग्रुपवर तिने सगळं लिहिलं, जपानची पद्धत म्हणून, आणि सगळ्यांनी लाल बदाम टाकले. सोमवारी ते बाबा मुलाला घेऊन आले. माझ्याकडे पाहिलं नाही, पण सोडून गेले. मुलीच्या आईला मी म्हटलं, चपला शोधू नकोस, आत येऊन चहा घे. पोरगी अजून चावते, पडद्याला. पडद्याचं काय एवढं.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून खरं लिहिते. सगळ्यांना वाटतं, काकूंनी मुद्दाम लादीला मारून पोरीला शिकवलं. आई, तो हात लादीसाठी उठला नव्हता, तिच्या गालासाठी उठला होता. तुमचं वाक्य आठवलं म्हणून वळला, असंही नाही, आठवायला वेळच कुठे होता. तो आपला आपणच खाली गेला, तुमचा जायचा तिथे. हे मी तिच्या आईला सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही.