एकशे एकावं पान

८ सप्टेंबर

नववीला आज शब्दांचा खेळ दिला. फळ्यावर चार इंग्रजी अक्षरं लिहिली — आय, जी, एच, टी. म्हटलं, यांच्यापुढे एकच अक्षर लावा, पाच अक्षरांचा खरा शब्द झाला पाहिजे. उद्यापर्यंत जमतील तेवढे आणा. जिंकेल त्याचं नाव जव्हारच्या शब्दस्पर्धेला. आमच्या आश्रमशाळेतून एकच नाव जातं, पंचवीस तारखेच्या आत.

मला स्वतःला आठ येतात. लाईट, नाईट, राईट, फाईट वगैरे. आठाच्या पुढे कुणी जात नाही, पैजेवर सांगते.

९ सप्टेंबर

मालूने बारा आणले!

बी, डी, एच आणि डब्ल्यू लावून केलेले चार शब्द मी जन्मात ऐकलेले नाहीत. पर्समधल्या छोट्या डिक्शनरीतही नाहीत. लाल पेनाने खोडले. म्हटलं, मनाने शब्द पाडू नकोस. ती म्हणाली, "हायेत ते, मॅडम. पुस्तकात हायेत." कुठल्या पुस्तकात? तर खाली बसली. वर्ग हसला. थोडी मीही हसले.

संध्याकाळी टेकडीवर गेले — रेंज तिथेच येते — आणि मोबाईलवर शोधलं. चारही आहेत. जुनेपुराणे, हल्ली कुणी न वापरणारे, पण आहेत.

वीस वर्षं इंग्रजी शिकवतेय मी.

१० सप्टेंबर

जे केलं ते जसंच्या तसं लिहून ठेवते.

ऑफिसच्या कपाटातली जाड डिक्शनरी जूनपासून सापडत नाही. आमचा शिपाई पंढरी याने दोनदा कपाट उपसलं. असले शब्द जाड डिक्शनरीशिवाय मिळायचे नाहीत. मी दोनात दोन मिळवले आणि भर वर्गात मालूला उभं केलं. घेतलीस का, असं नाही विचारलं. "कुठे लपवलीस?" असं विचारलं.

मागून कुणीतरी म्हणालं, कातकऱ्याचीच ना ती. मला स्वच्छ ऐकू आलं. मी हजेरीपुस्तक उघडलं.

११ सप्टेंबर

मालू वसतिगृहात नाही. उजाडताच पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन तिच्या गावच्या, जामसरच्या रस्त्याला लागली, असं तिच्या शेजारी झोपणाऱ्या करिष्माने सांगितलं.

१२ सप्टेंबर

निर्दोष असती तर पळाली असती का? चोराच्या मनात चांदणं.

१३ सप्टेंबर

दोन दिवस एकच गोष्ट डोकं खातेय. तिच्या जागी आमच्यातली पोर असती, सातबारा नावावर असलेल्या बापाची, तर मी 'कुठे लपवलीस' विचारलं असतं का?

नसतं. कपाट तिसऱ्यांदा बघायला लावलं असतं. लाज वाटते लिहायला.

१४ सप्टेंबर

जामसरला जाऊन आले. जीप अर्ध्यावर सोडते, पुढे बांधाबांधाने चालत. भाताला लोंब्या येतायत. मालूचं घर वाडीच्या शेवटी. तिच्या आईने, धोंडीबाईने, कोरा चहा दिला. तिच्या मनात राग असेल तर तिने दाखवला नाही, आणि त्यानेच मी जास्त ओशाळले.

मालूने प्लॅस्टिकच्या पिशवीतून पुस्तक काढलं. जाड डिक्शनरी! पुठ्ठा नाही, सुरुवातीची काही पानं गायब. तिचा बाप ढवळू भिवंडीला भंगाराच्या गोडाऊनमध्ये कामाला आहे. होळीला आला तेव्हा घेऊन आला. धोंडीबाई म्हणाली, त्याला वाचता येत नाही, पण जाड आहे, इंग्रजी आहे, म्हणजे पोरीच्या कामाचं असणार, एवढं त्याला कळलं.

मग वर्गात का नाही सांगितलंस? तर म्हणाली, भंगारातलं पुस्तक म्हटलं असतं तर पोरं आणखी हसली असती. खरं आहे. मीच हसले नव्हते का?

एवढे शब्द सापडले कसे, ते विचारलं. म्हणाली, "खेकडं धरतो तसा. बांधावरचा एकेक बीळ बघायचा. खेकडा असो का नसो, हात घालायचा. एकपन सोडायचा नाय." सव्वीसच्या सव्वीस अक्षरं एकेक करून लावली आणि प्रत्येक शब्द पुस्तकात जाऊन पाहिला. मला तर जे आठवले तेच आले!

आणि मग — हे कुणाला सांगता येणार नाही, म्हणून इथेच. आमच्या शाळेचा शिक्का पुस्तकाच्या पहिल्या पानावर असतो आणि आणखी एक आत, एकशे एकाव्या पानावर. पहिलं पान फाडलं तरी आतला शिक्का राहतो. माफी मागायला गेलेली मी, बोलता बोलता माझा अंगठा एकशे एकाव्या पानावर गेला.

शिक्का नव्हता.

"शिक्का बघताय ना, मॅडम?" मालू म्हणाली. आवाजही चढवला नाही.

मग मी तिची माफी मागितली. हात जोडले. शाळेत चल म्हटलं, स्पर्धेला तूच जायचंस. ती म्हणाली, "शाळेची डिक्शनरी गावली का येन. तवर पोरा मला चोरच म्हनतील."

१६ सप्टेंबर

वर्गात सांगितलं, मालूने काही घेतलेलं नाही. चुकले ती मी. चंदूने हात वर केला, मग कोणी घेतली? मालू म्हणाली होती तस्संच.

१८ सप्टेंबर

शोध शोध शोधली. वसतिगृहाची कोठी, प्रयोगशाळा, रद्दीचे गठ्ठे, सगळ्या शिक्षकांची टेबलं. मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन विचारलं. त्यांना राग आला. येऊ दे.

१९ सप्टेंबर

मुख्याध्यापक म्हणतात, करिष्माचं नाव पाठवून मोकळ्या व्हा. सोमवारपर्यंत थांबा म्हटलं. सोमवारी असं काय होणार आहे, देव जाणे.

२१ सप्टेंबर, पोशेरा

सर्वपित्रीला घरी आले. आईने नैवेद्याला कणगीतून तांदूळ काढायला सांगितले. उन्हाळ्यात ही कणगी डुगडुगत होती. आज हलली नाही. वाकून खाली पाहिलं.

आई म्हणाली, "तूच आनलीस ना मे महिन्यात, पेपर काढायला? पडून होती. दगडाच्या जागी बराबर बसली."

एकशे एकावं पान उघडलं. निळा शिक्का, ठसठशीत.

उद्या पहिल्या जीपने जामसर. पुस्तक मालूच्या हातात देईन, आणि ती आली तर तिच्यासमोर वर्गाला सांगेन, कुठे सापडलं ते. एकपन सोडायचा नाय, असं तिने सांगितलं होतं. मी साऱ्या शाळेत हात घातला, फक्त माझं घर तपासायचं सोडलं.