अजून तीन महिने

नाशिक,
१० डिसेंबर २००६

प्रिय वाल्मीक,

लॅपटॉप घेतला. बिलावर आकडा आहे सेहेचाळीस हजार पाचशे, बॅग फुकट. पण बिलावरच्या आकड्याला मी किंमत म्हणत नाही, हे तुला माहीत आहे. गाडीभाडं, हमाली आणि वाटेत सडलेला माल धरल्याशिवाय ढोबळी मिरची कितीला पडली ते कळत नाही. तसं मांडलं तर हा लॅपटॉप मला साडेचार वर्षांना पडला. त्यात कॅनडा कॉर्नरला कॉम्प्युटरवाल्या भारतच्या दुकानात एकोणतीस फेऱ्या, सिंधूचे टोमणे (ते मोजायचं सोडून दिलं) आणि आमच्या हर्षालीच्या इंजिनिअरिंगची शेवटची तीन वर्षं, म्हणजे त्या तीन वर्षांतल्या संध्याकाळी. त्या तुझ्या क्वार्टरमध्ये गेल्या. भाव पडायची वाट बघत होतो. पडला, नाही असं नाही.

तू हसशील. हस. मीही तुला हसलो होतो. आठवतं ना, तुझ्या साहेबाची बदली झाली आणि जाता जाता त्यानं आपला जुना लॅपटॉप विकायला काढला? तू संध्याकाळी चहाला गेलास आणि रात्री जेवायला येताना तो काखेत मारून आलास. घासाघीस नाही, चौकशी नाही. झाकण धड उभं राहत नव्हतं, त्याच्या पाठीला तू डिक्शनरी लावायचास. एक बटण गायब, तिथे वहिनींनी ब्लाउजचं बटण फेव्हिकॉलनं चिकटवलेलं. मी म्हणालो होतो, वाल्म्या, लेका, यापेक्षा म्हैस घेतली असतीस तर दूध तरी दिलं असतं. आणि तू म्हणालास, मल्हारी, मला आज पाहिजे होता. एवढंच. मला ते उत्तर इतकं बावळटपणाचं वाटलं की दुसऱ्या दिवशी यार्डात चार जणांना सांगितलं.

आता माझी बाजू ऐक. दहावी नापास माणूस मी, सायकलवर मेथी-पालक लादून देवळाली कॅम्पात दारोदार फिरलेला. आज पंचवटीच्या यार्डात स्वतःचा गाळा आहे, तो माझ्या कानांवर उभा आहे. लिलाव पुकारणारा नुसता खाकरला तरी मला कळतं, आज भाव चढणार की बसणार. आडत्यानं न मागता चहा सांगितला की समजावं, त्याचा माल अंगावर आलाय. या यार्डात एखादी गोष्ट घडते आणि ती मला सगळ्यांच्या आधी कळत नाही, असं होतच नाही. हे मी तुला अनेकदा ऐकवलंय, तूही दरवेळी मान डोलवलीस.

तर हर्षाली सेकंड इयरला गेली आणि म्हणाली, बाबा, कॉम्प्युटर लागेल, आणि लॅपटॉपच लागेल, कारण आपल्या मळ्यात लाइट कुठे असते. खरं होतं. सामनगावच्या आमच्या ओट्यावरून एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात, धूर दिसतो, आणि घरात कंदील. तुमच्या कॉलनीत मात्र चोवीस तास उजेड. मी त्याच आठवड्यात भारतच्या दुकानात गेलो. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, वर क्रीमची बिस्किटं. माझे कान टवकारले. तेवढ्यात त्याला मुंबईहून फोन आला आणि तो तोंडावर हात धरून म्हणाला, अरे, नवीन आला तर माझा हा स्टॉक बसेल ना! झालं. मी उठलो. घरी येऊन सांगितलं, अजून तीन महिने थांबायचं, नवीन येतोय.

आणि आला, वाल्मीक! दुःख हेच की आला. बिनवायरीचं इंटरनेट पकडणारा आला आणि जुना बारा हजारांनी उतरला. मी जाऊन जुना बघितला, तर भारतनं पुन्हा बिस्किटं काढली. पुन्हा थांबलो. पुढे हलका आला. मग त्याचा भाव उतरला. मग कळलं की दोन मेंदूंचा येणार आहे, एक मेंदू दमला की दुसरा काम करतो. आता एवढं कानावर आल्यावर एका मेंदूचा कोण घेईल? दरवेळी माझा अंदाज बरोबर निघाला आणि दरवेळी मी रिकाम्या हातानं परत आलो. नव्या मालाला ना पेरणी ना हंगाम, कधी चार महिन्यांत, कधी दीड वर्षात, त्यांच्या मनाला येईल तेव्हा. सिंधू म्हणाली, अहो, कांदा असता तर चाळीत भरून भावाची वाट बघितली असती. कोथिंबीर कुणी चाळीत ठेवतं का? मी म्हणालो, तुला मशीनमधलं काय कळतं. ती म्हणाली, मी मशीनबद्दल बोलतच नाहीये.

हर्षालीनं एकदाच मागितला. पुन्हा कधी विचारलं नाही. हे मला तेव्हा तिचं शहाणपण वाटलं होतं. कॉलेज सुटलं की ती थेट तुझ्याकडे यायला लागली. आणि मी काय करायचो माहीत आहे? यार्डात मोठेपणानं सांगायचो, वाल्मीकला लेकरू नाही ना, म्हणून पोरीला पाठवतो त्याच्याकडे, तेवढंच घर भरल्यासारखं वाटतं. असं बोललोय मी. तुझ्या कानावर आलंही असेल. आलं असेल तर तू दाखवलं नाहीस, आणि हेच मला तुझं सहन होत नाही.

एक संध्याकाळ सांगतो. तिला न्यायला स्कूटरवर आलो होतो, हातात मेथीच्या चार जुड्या. तुझी खिडकी उघडी होती. तू म्हणत होतास, अगं ए शहाणे, तीन तासांचं काम पुसून टाकलंस, आता रड की. ती रडली नाही. ती हसली. अशी हसली, वाल्मीक, की मला आधी वाटलं दुसऱ्याच कुणाची पोर आहे. आमच्या घरात ती हसते, पण तोंडावर ओढणी धरून, बाबा हिशेब करतायत या बेतानं. आत वहिनी म्हणाल्या, काका-पुतणीनं मिळून वीजमंडळ बुडवा आता, आणि मग तुम्ही तिघंही हसलात. मी सदाफुलीच्या झुडपाशी उभा राहिलो. दारापर्यंत दहा पावलं होती. मागे फिरलो, फाटकाबाहेर जाऊन हॉर्न वाजवला. बाहेर आली तेव्हा तिचं तोंड घरच्यासारखं झालेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून तुझ्याकडे भाजी यायला लागली, आठवतंय? मेथी, वांगी, गुलछडीचे दांडे, सगळं एक नंबर, वाशीला जायचा तो माल. वहिनी म्हणायच्या, भावजींचा जीव किती! जीव कसला. मला तुझं काहीच देणं अंगावर ठेवायचं नव्हतं. पण तू एवढा धूर्त, की भाजी घेतलीस आणि कधी नको म्हणाला नाहीस.

मग पोर पास झाली, बेंगळुरूला नोकरी लागली. पहिला पगार झाला त्या संध्याकाळी दुकानात शिरली आणि लॅपटॉप घेऊन आली. मी फोनवर विचारलं, कुठला घेतलास, चौकशी केली का? म्हणाली, समोर होता तो घेतला बाबा, आज पाहिजे होता. तुझेच शब्द. मी फोन सिंधूकडे दिला.

ती मेल तुला करायची. तू छापून दर रविवारी आणून द्यायचास. इंग्रजी अक्षरांतलं मराठी. सिंधू म्हणते, ते वाचताना तुम्ही बाराखडी म्हणणाऱ्या पोरासारखे दिसता. चालायचं. पण गेल्या जूनमध्ये तुझी बदली चंद्रपूरला झाली आणि तू ते कागद पोस्टानं पाठवायला लागलास. पोरीनं बेंगळुरूहून क्षणात पाठवलेलं चंद्रपूरला छापून निघायचं आणि पाच दिवसांनी सामनगावला यायचं, पाकिटावर तुझं अक्षर. पोस्टमन म्हणायचा, शेठ, मित्राचं पत्र. मी हो म्हणायचो.

आता तू माणूस भला, पण मी यार्डातला. आलेला माल मोजल्याशिवाय आत घेत नाही. तुझ्या कागदांच्या तळाशी बारीक अक्षरात छापलेलं असतं, तीनपैकी एक, तीनपैकी दोन. ऑगस्टपासून तिसरं पान आलेलंच नाही. शिवाय पहिलं पान वरून दोन बोटं आखूड. कात्रीनं कापलेलं, सरळ, पट्टी धरून कापल्यासारखं. तुझी कामं अशीच नीट असतात.

मी फार वाईट विचार केले, वाल्मीक. ते इथे लिहीत नाही. आठवडाभर तुझ्या नावानं आतल्या आत जळत होतो. माझी पोर, माझ्या पोरीची पत्रं, आणि त्यातलं काय मला द्यायचं हे चंद्रपुरात बसून तू ठरवणार? मग सप्टेंबरच्या एका पानावर तुझी कात्री जरा वर गेली. कडेला एका ओळीचं खालचं शेपूट तेवढं राहिलं होतं. ते मी भिंग घेऊन बघितलं. तो शब्द ‘काका’ होता. प्रिय काका. बाकीच्या पत्रात ती तुम्ही, तुमची तब्येत, तुमचा गुडघा, असंच लिहिते. गुडघा तुझाही दुखतो, माझाही. वरचा मायना कापला की पत्र मलाच आलंय असं वाटावं, म्हणून तू कापत होतास. दर वेळी. पट्टी धरून.

तुला सांगतो, त्या वाईट विचारांचं ओझं एवढं नव्हतं, जेवढं हे कळल्यावर झालं. चोरी करत असतास तर तुला शिव्या घालून मोकळा झालो असतो.

दिवाळीत पोर आली होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर, त्या दोघी आत चकल्या पाडत होत्या. माझे कान तुला माहीत आहेत. हर्षाली म्हणाली, काकांना सगळं माहितीये, आई. बाबांना सांगायला योग्य वेळ येऊ दे. टोमॅटोचा हंगाम संपू दे, मग बघू. सिंधू म्हणाली, तुझ्या बाबांची योग्य वेळ? अगं, तोवर तुझी पोरं बारावीला बसतील. हर्षाली म्हणाली, त्याची हरकत नाही, तो थांबायला तयार आहे. सिंधूनं विचारलं, नाव काय म्हणालीस त्याचं? आणि नेमकी कुकरची शिट्टी झाली.

चार दिवस राहिली. मला काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. दोघंही योग्य वेळ बघत होतो. नाशिकरोडला गाडीत बसवलं, गाडी हलली तरी ती खिडकीतून बघत होती आणि मी हात हलवत होतो, जसं काही अजून खूप वेळ आहे.

स्टेशनातून तसाच कॅनडा कॉर्नरला गेलो. भारतला म्हणालो, समोर जो आहे तो बांध. तो उलट मलाच समजवायला लागला. शेठ, तुम्ही एवढे थांबलात, जानेवारीत नवी विंडोज येतेय, अजून दोन-तीन महिने काढा, मी तुम्हाला फसवणार नाही. पहिल्यांदाच बिस्किटं न देता खरं बोलत होता बिचारा. मी पैसे टेबलावर ठेवले. घासाघीस केली नाही. त्याला माझी तब्येत बरी नाही असं वाटलं असावं, कारण त्यानं बॅग फुकट दिली.

तर पत्र का लिहितोय ते. तिसरं पान मागत नाही. ते तुझ्यावर विश्वासून लिहिलंय, ते तुझ्याकडेच राहू दे. मुलगा कोण, कुठला, हेही सांगू नकोस, तुला सांगितलं तसं तिनं मला आपणहून सांगावं असं वाटतं, आणि त्यासाठी आधी मी काहीतरी लिहायला पाहिजे. एका बोटानं लिहितो. चार ओळी तयार आहेत, त्यात टोमॅटोचा विषय नाही. फोनवर तिला विचारलं असतं, पण मी विचारतोय म्हटल्यावर तिला वास लागेल आणि ती आणखी थांबेल. सिंधूला विचारायला लावलं, तर तिला ती इंग्रजी अक्षरं ऐकून उतरवून घेता येत नाहीत. भारतनं मला मेलचं खातं काढून दिलं, गाळ्यात इंटरनेटची लाइन घेतली, महिना झाला रोज उघडतो. आत एकच मेल आहे, खातं उघडल्याबद्दल स्वागताचा. तू कापलेल्या त्या दोन बोटांत मायन्याच्या वर जी ओळ असायची, ती तेवढी मोठ्या अक्षरात उलट टपाली पाठव. हर्षालीचा मेलचा पत्ता माझ्याकडे नाही.

तुझाच,
मल्हारी