गल्लीत टँकर नको

१८ मार्च, मंगळवार

परत कोरम नाही.

गच्चीवर सतरंज्या अंथरल्या, पॉलिनने घरून चहाचा थर्मास आणला, श्रीरंगकाका सेक्रेटरी म्हणून वेळेवर येऊन बसले. आले कोण? आम्ही तिघं, आणि तळमजल्यावर किराणा दुकान चालवणाऱ्या हेतलबेन. त्याही दुकान उघडं टाकून आल्या होत्या, सारख्या कठड्यावरून खाली वाकून बघत होत्या. चहा उरला.

ठराव साधाच आहे. गल्लीतल्या चारही बिल्डिंगांनी मिळून अर्ज करायचा — वालीवच्या रस्त्याने मोठी लाइन गेलीय, तिच्यावरून आम्हाला जोडणी द्या. पाण्याच्या ऑफिसातल्या साहेबांनी पॉलिनला स्पष्ट सांगितलंय, चारही सोसायट्यांच्या सभांचे ठराव आणा, पुढचं आम्ही बघतो. आणि आमची सभाच होत नाही! बोअरला खारं पाणी. नळाला दिवसाआड करंगळीएवढी धार. म्हणून टँकर. टँकरला शिव्या सगळेच घालतात, गच्चीपर्यंत कुणी चढत नाही.

मी चिडले. पॉलिन चिडली नाही. सतरंजीची घडी घालता घालता म्हणाली, "लोक वाईट नाहीत गं मीरा. दमलेले आहेत. दमलेल्या माणसाला वर बोलवायचं नसतं. आपण त्याच्या दारात जायचं."

२३ मार्च, रविवार

गेलो दारात. बोलायचं तिने, मी मागे उभी. मला अनोळखी माणसासमोर शब्दच सुचत नाहीत. तिला अडचणच नाही — पाचूबंदरला आईच्या मासळीच्या टोपलीशेजारी बसून वाढलेली ती. आवाज असा की बंद दारातून आत जातो.

दुसऱ्या मजल्यावरचा नवीन माणूस दात घासत घासत दारात आला. "मॅडम, हम तो रेंट पे हैं." पॉलिन म्हणाली, "तो प्यास भी रेंट पे लगती है क्या?" तो हसला, तोंडातला फेस शर्टवर सांडला. येतो म्हणाला.

काही दारं उघडलीच नाहीत. एका घरात आतून टीव्हीचा आवाज लहान केला. आम्हाला कळलं. पॉलिनने पुन्हा बेल मारली नाही. "झोपलेत," एवढंच म्हणाली.

जयवंत जेवताना — "तुला काय मिळणार आहे यातून?"

म्हटलं, पाणी.

पुढच्या आठवड्यात बाकीच्या बिल्डिंगा. सभा मग खालीच घ्यायची, गेटपाशी.

२७ मार्च, गुरुवार

पॉलिन गेली. लिहवत नाही.

३० मार्च, रविवार

आज पाडवा. गुढी उभारली नाही. सकाळी जयवंतनेच चहा केला.

लिहून ठेवते. नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

पलीकडच्या बिल्डिंगमध्ये सभेचं सांगून ती परत येत होती. टँकर आमच्या टाकीत पाणी सोडून गल्लीतून मागे मागे निघाला होता. एकीकडे भिंत, दुसरीकडे लावलेल्या मोटारसायकली. ड्रायव्हरला पुढच्या फेरीची घाई. तिने हात केला असेल, ओरडलीही असेल. इतका मोठा आवाज तिचा! त्या इंजिनपुढे कुणाला ऐकू आला नाही.

ड्रायव्हर पळाला नाही. चाकापाशी खाली बसला होता, दोन्ही हात डोक्यावर. लोक मारायला धावले. श्रीरंगकाकांनी अडवलं. तो मार खायलाच बसला होता असं मला वाटलं.

टँकर आमच्याच सोसायटीने मागवलेला. हे मी कुणाजवळ बोलले नाही. सगळ्यांनाच माहीत आहे.

पॉलिनचा नवरा टोनी वालीवला कारखान्यात फिटर आहे, तिथूनच धावत आला. रडला नाही. तिची एक चप्पल मोटारसायकलींखाली गेली होती, ती शोधत राहिला. सापडली तेव्हा शर्टाने पुसली.

काल पापडीच्या चर्चमध्ये मिस्सा, मग दफन. टोनीचं घराणं तिथलंच. आमच्या गल्लीतून टेम्पो भरभरून माणसं आली. टीव्हीचा आवाज लहान करणारेही. दात घासणारा तो — हुंदके देत होता. मी सगळ्यांकडे बघत होते. कोरम झाला, असं मनात आलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

घरी परतलो तर गेटवर दुसऱ्या मालकाचा टँकर उभा. पाणी लागणारच होतं. मातीवरून आलेल्या लोकांनी त्याच पाण्याने हातपाय धुतले. मीही.

२ एप्रिल, बुधवार

संध्याकाळी गल्लीत चारही बिल्डिंगा उतरल्या. कुणी बोलावलं नव्हतं. माणसं कामावरून आली ती वर गेलीच नाहीत. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. पॉलिनचा मोठा केलेला फोटो कुणीतरी गेटला लावला.

सगळ्यांचं एकच — लाइन येईपर्यंत गल्लीत एकही टँकर नको. "आमच्या माणसाला मारून आम्हालाच पाणी विकणार?" हेतलबेन रडत रडत बोलल्या, टाळ्या पडल्या. गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवा बांधला.

मला वाटलं, आज सगळे आहेत. आत्ता ठराव घेतला तर चारही बिल्डिंगांचं काम उभ्या उभ्या होईल. मी श्रीरंगकाकांना म्हटलं. ते म्हणाले, "बोल ना मग तू." मी बोलले. "ऐका जरा, ठराव करायचाय —" पुढचं घोषणांत बुडालं. दुसऱ्यांदा तोंड उघडलं तर शेजारची बाई म्हणाली, "आता कागदपत्रं कसली काढताय मीराताई, माणूस गेलंय."

मी गप्प बसले. पॉलिन असती तर गप्प बसली नसती.

टोनी वर खिडकीत उभा होता. खाली आला नाही.

५ एप्रिल, शनिवार

टाकी आटली. तळाला गाळ.

बोअरचं पाणी बादलीत धरलं. साबणाला फेस नाही, केस चिकट. प्यायला बाटल्या. हेतलबेनच्या दुकानातल्या दुपारीच संपल्या.

अजून लोक धरून आहेत. जिन्यात भेटले की म्हणतात, होऊ दे त्रास, पॉलिनसाठी करतोय. बरं वाटतं ऐकून.

८ एप्रिल, मंगळवार

पाण्याच्या ऑफिसात जायचं ठरलं होतं. गेटवर जमायचं, मग रिक्षा. निघालो मी आणि श्रीरंगकाका.

साहेबांनी उठून नमस्कार केला, पॉलिनला ओळखत होते. "बाई फार चांगल्या होत्या," म्हणाले. मग तेच — "ठराव आणलेत का?"

परतताना काका रिक्षात म्हणाले, "बारा वर्षं सेक्रेटरी आहे मी, मीरा. लोक दोनदाच येतात. पाणी गेलं की, आणि माणूस गेलं की."

१० एप्रिल, गुरुवार

पॉलिनच्या घरी गेले. तिच्या आईला बघायला — जुलियानामावशी. खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणातच. पॉलिन रोज तिला पुसून काढायची, पावडर लावायची, वेणी घालायची. आता टोनी करतो. बोअरच्या पाण्याने तिच्या पाठीला पुरळ उठलंय, जखमा होतील अशी. मी कारखान्यातल्यासारखी नीट रचलेली औषधं बघितली, शेजारी घड्या घातलेले पंचे. सगळं करतोय तो.

मावशीने माझा हात धरला. "पानी आलं का गो?"

म्हटलं, येईल मावशी.

"माजी पोर पान्यापायी गेली," म्हणाली. "आनी आता माज्या अंगाला पानी नाय." तक्रार नव्हती आवाजात. भिंतीकडे बघून बोलत होती.

टोनी मोरीत कपडे पिळत होता. त्याने ऐकलंच असणार. मी त्याला म्हटलं, "बांबू सोडायला सांगू का सगळ्यांना?" तो म्हणाला, "माझ्यासाठी बांधलाय म्हणतात ते. मी कसं सोडा सांगू, ताई?"

घरी येऊन मी खूप रडले. जयवंतने ऑफिसातून येताना पाण्याचा मोठा कॅन आणला होता. अर्धा मावशीला देऊन आला. स्वतःहून.

११ एप्रिल, शुक्रवार

आता जिन्यात वेगळं ऐकू येतं.

"किती दिवस चालायचं हे?"

"गेलेली बाई परत येणार आहे का?"

"तिला तरी काय गरज होती दारोदार फिरायची."

हे शेवटचं मी स्वतः ऐकलं. ज्याने म्हटलं तो तिच्या दफनाला पहिल्या रांगेत होता. मी पायरीवर थांबले. त्याने मला बघितलं, तसा खिशातल्या किल्ल्या शोधायला लागला. काहीतरी बोलायला हवं होतं. मी पायऱ्या चढून वर आले.

फोटोवरचा हार वाळलाय. कुणी बदलला नाही. मी सकाळी सोनचाफ्याची फुलं ठेवली.

१३ एप्रिल, रविवार

झावळ्यांचा रविवार. टोनी चर्चमधून येताना मला जिन्यात भेटला, हातात झावळीचा क्रूस. पॉलिन दर वर्षी एक जास्तीचा आणायची, आमच्या दाराला लावायला. त्याने तो मला दिला.

संध्याकाळी गेटपाशी जमले सगळे. जमले कसले, भांडायलाच आले. निम्मे म्हणाले बांबू काढा. निम्मे म्हणाले, मग टोनीला तोंड कसं दाखवायचं? कुणी म्हणालं, गल्लीला तिचं नाव देऊ, म्हणजे झालं. कुणी म्हणालं, आपण फक्त टँकरला परवानगी देतोय, विसरत थोडेच आहोत! हेतलबेन दुकानाच्या पायरीवर तोंड फिरवून बसल्या होत्या. त्यांची सून पोटुशी आहे, तिला माहेरी पाठवलं पाण्यावाचून.

मला कुणाचाच राग आला नाही. हेच वाईट वाटलं. सगळ्यांचं खरं होतं.

शेवटी मी बोलले. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "पॉलिनला टँकर बंद करायचा नव्हता. तिला लाइन आणायची होती. ते आपण एकानेही केलेलं नाही. मीसुद्धा नाही."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, चला करू या. एकजण म्हणाला, "ते खरंय हो ताई. पण आज पाण्याचं काय?" आणि पुन्हा सुरू झालं.

काही न ठरता सगळे वर गेले. बांबू तसाच.

घरी आले. झावळीचा क्रूस दाराला लावला. देवघरातल्या समईला तेल घातलं. आपण हरलो, असं वाटतंय. ती गेली त्या दिवशीही इतकं एकटं वाटलं नव्हतं.

१५ एप्रिल, मंगळवार

टँकर आला. फोन टोनीने केला होता.

हॉर्न ऐकून गॅलरीत गेले तर बांबू बाजूला पडलेला. टँकर गल्लीत शिरत होता, मुंगीच्या पावलाने, आणि त्याच्या पुढे टोनी चालत होता. कारखान्याच्या कपड्यांत, एक हात मागे करून, सावकाश, सावकाश अशी खूण करत. मी तशीच खाली धावले. तो म्हणाला, "आईला आंघोळ घालायचीय, ताई. सगळ्यांनाच पाहिजे पाणी." मी त्याच्या बाजूने चालायला लागले. मागून हेतलबेन आल्या. मग दारं उघडल्याचे आवाज आले, चारही बिल्डिंगांतून.

टाकी भरेपर्यंत कुणी वर गेलं नाही. श्रीरंगकाकांनी चष्मा पुसला आणि तिथेच उभ्या उभ्या लाइनचा ठराव वाचला. मंजूर असेल त्यांनी हात वर करा, म्हणाले.

पहिला हात टोनीचा.