बेंबीवरचा हिंग

टोरांटो

तीर्थरूप आई,
तुझ्या पायावर डोकं ठेवून लिहितेय. जयराज पोटभर दूध पिऊन झोपलाय. आप्पांचा गुडघा कसा हाय?

विमानात बाळाचं पोट लय फुगलं. तू सांगितलंस तसा हिंग कालवून बेंबीभवती लावला, तवा तो निवांत झाला. पण वास सुटला, लोक नाकाला रुमाल लावायला लागले. मला एवढी लाज वाटली, की संडासात नेऊन त्याचं पोट पुसलं आणि तू दिलेली हिंगाची डबी तिथल्या कचऱ्यात टाकली.

मग तो विमान उतरेपर्यंत रडला. रुमाल लावलेली शेजारची म्हातारीच त्याच्या पोटाकडं बोट दाखवून म्हणाली, "ते परत लाव की."

मी म्हणाले, संपलं.

काल फोनवर तू विचारलंस, "डबी कामाला आली का गं?" मी 'व्हय' म्हणाले. बाकीचं तोंडानं सांगवेना.

तुझीच,
संयोगिता