एका बाजूनं कापलेला ॲक्सल

बाबा, तुमच्या गाडीचा मागचा ॲक्सल मी परवा भंगारात देऊन टाकला. भंगारवाल्यानं तो अंगणातून ओढत फाटकापर्यंत नेला, तिथं जरा थांबला, एक डोळा मिटून नळीच्या रेषेत पाहिलं आणि विचारलं, "दीदी, ये टेढ़ा कैसे हो गया?" मी म्हटलं, वाकडा झालेला नाही, वाकडा केलेला आहे. त्याला ते कळलं नाही. तुम्हालाही कळलं नसतं, कारण स्वतःच्या हातून काही वाकडं होऊ शकतं हे तुम्ही मरेपर्यंत मान्य केलं नाहीत. तो ॲक्सल टेम्पोत चढला तेव्हा मला मोकळं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. नुसती अंगणात जागा झाली.

तुम्ही सरकारी ऑफिसात हेडक्लार्क होतात आणि घरी आल्यावर कारखानदार. एका जुन्या कॅलेंडरमधलं लाल रंगाच्या, दोन सीटच्या, छत नसलेल्या गाडीचं चित्र तुम्ही पुढच्या खोलीत चिकटवलं होतं आणि येईल त्याला सांगायचात, "अशी गाडी रायपूरमधी कोनापाशीच नाही. माह्यापाशी राहीन." इंजिन एका मोडीत निघालेल्या व्हॅनचं आणलं. पत्रा अंगणात ठोकला, तोही दुपारी, जेव्हा अख्खा पारा, म्हणजे आपला मोहल्ला, झोपायला बघायचा. गाडीची चौकट कुणा लोखंडी फाटकं बनवणाऱ्याकडून करून घेतली आणि नंतर ती स्वतः केली असं सांगितलं. मी तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. संध्याकाळी पुस्तक घेऊन पायरीवर बसायचे आणि तुम्हाला हातोडी चालवताना पाहायचे. तुमची एक सवय मला अजून दिसते. काम चुकलं की तुम्ही हत्याराकडे रागानं बघता, आणि काम जमलं की आजूबाजूला कोण बघतंय ते बघता.

मागचा ॲक्सल तुम्ही एका जुन्या जीपचा आणला, स्वस्त मिळाला म्हणून. तो तुमच्या गाडीला फार रुंद होता. चाकं दोन्हीकडून बाहेर आली, एखाद्या पोट्ट्यानं बापाचा सदरा घातल्यासारखी. रुंदी कमी करायची म्हणजे बाहेरची नळी दोन्ही बाजूंनी मापानं कापायची, अगदी सरळ जोडायची आणि आतले चाकं फिरवणारे दांडे आखूड बनवून घ्यायचे. तुम्ही एकाच बाजूनं कापलंत. अर्धी मेहनत वाचते, असं म्हणालात. नळी डोळ्यांच्या अंदाजानं जोडली. आतला दांडा मधोमध कापला, दोन तुकडे टोकाला टोक लावून वेल्डिंगनं झाळले, घासून गुळगुळीत केले आणि वर लाल रंग दिला. झाळलेल्या दांड्याला रंग देणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. चांगल्या कामाला रंगाची गरज नसते. तो दांडा आत जाणार होता, कुणाला दिसणारही नव्हता, पण तुम्हाला तो दिसत होता ना.

मी सांगितलं होतं. नळी वाकडी आहे, त्यामुळे दांडा प्रत्येक फेऱ्याला थोडा वाकणार, आणि झाळ तिथंच तुटणार. या गाडीत चाकाला त्या दांड्याशिवाय दुसरा आधार नाही, दांडा तुटला की चाक निघून जाणार. तुम्ही माझं सगळं ऐकून घेतलं. मग शेजारचे दोघं भैया बसले होते त्यांच्याकडे वळून म्हणालात, "पाहा. चार दिवस कॉलेजात काय गेली, बापाले अक्कल शिकवून राहिली. पाना उलटा धरते अन् म्हनते झाळ तुटन." ते हसले. मी पायरीवरून उठून आत गेले. आई ओट्यापाशी पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त म्हणाली, जाऊ दे. आपल्या घरातला अर्धा संसार त्या दोन शब्दांवर चालला.

मग तो रविवार. नवा रायपूर तेव्हा नुसते रस्तेच होते, माणसं अजून यायची होती. असे रुंद, रिकामे रस्ते की वाटावं कुणीतरी शहर बांधायला घेतलं आणि घरं विसरलं. तुम्ही पाऱ्यातल्या लोकांना तिथं बोलावलंत. पांढरी पँट, काळा चष्मा. आईला निळी साडी नेसवून डाव्या सीटवर बसवली, सत्यनारायणाला बसवतात तशी. ती एकदाच म्हणाली की पोरगी काहीतरी म्हणत होती, आणि तुम्ही चावी फिरवली. मी शेजाऱ्यांच्या स्कूटरवर मागून येत होते. तुम्ही बरेच पुढे गेला होतात. आम्ही पोचलो तेव्हा गाडी डाव्या बाजूनं खाली बसली होती आणि रस्त्याच्या मधल्या कठड्यावर तिचं नाक चढलं होतं. तुम्हाला ओरखडासुद्धा नव्हता. आईनं उजवा हात डाव्या हातात, कुणाचं बाळ धरावं तसा धरला होता. कुणीतरी तुम्हा दोघांना मोटारीतून दवाखान्यात नेलं. मी गाडीपाशी मागे राहिले. चाक पुढच्या खड्ड्यातल्या गवतात पडलं होतं, त्याच्यासोबत दांड्याचा तुकडा होता. तुटलेलं तोंड मी पाहिलं. झाळेवरच तुटलं होतं. कडेनं काळपट, आत चकचकीत. म्हणजे तडा आधीपासून हळूहळू जात होता, त्या दिवशी फक्त उरलेलं तुटलं. पुस्तकात जसं चित्र होतं, तसंच.

मी दवाखान्यात पोचेपर्यंत गाय आली होती. तुम्ही व्हरांड्यात उभे राहून लोकांना सांगत होतात की अचानक गाय आडवी आली, तिला वाचवायला गाडी वळवली. पाऱ्यात परत येईस्तोवर त्या गायीला वासरूही झालं होतं. लोक तुमच्या पाया पडायचेच बाकी राहिले. "हव, भैया ह गऊ माता ला बचा लिस," असं समोरच्या घरातली म्हातारी दोन महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती. मी तुमच्यासमोर तो तुटका दांडा टेबलावर ठेवला, आठवतं? तुम्ही त्याच्यावर पेपर ठेवून वाचायला लागलात.

आईचं मनगट वाकडं जुळलं. ती ब्लाउज शिवायची, पाऱ्यातल्या अर्ध्या बायकांचे. कात्री धरता येईना, मग मशीनवर चादर टाकली, मग मशीनवर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या. तुम्ही त्या वर्षी गाडीला ताडपत्री घातलीत आणि पुन्हा हात लावला नाहीत. कुणी विचारलं तर म्हणायचात, पार्ट मिळत नाहीत. काही वर्षांनी ऑफिसात खुर्चीवरच गेलात. शोकसभेतही एकानं गायीचा उल्लेख केला. मी मागच्या रांगेत होते, मला हसू आवरलं नाही, आणि लोकांना वाटलं रडतेय.

आता मी उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका रोलिंग मिलमध्ये मेन्टेनन्स सांभाळते. बीरगांवच्या गर्दीतून रोज जाते-येते, आणि माझ्या हाताखालचे लोक झाळलेला दांडा मशीनला लावत नाहीत, कारण मी तो लावू देत नाही. आई म्हणाली, अंगण रिकामं कर, तुळशीले ऊन लागत नाही. म्हणून ताडपत्री काढली. गाडी फेकून द्यायचीच होती. पण खाली वाकून तुमची ती नळी पाहिली आणि डोकं फिरलं. इतकं वाईट काम, आणि तेवढ्यामुळे बाकीची गाडीही वाईट ठरावी? मला तुमची गाडी पुरी करायची नव्हती. मला तुम्हाला चूक ठरवायचं होतं, लोखंडात, जिथं तोंड चालवून सुटता येत नाही.

तसलाच दुसरा ॲक्सल शोधला. दोन्ही बाजूंनी कापला. नळीतून बेअरिंगच्या जागांत बसणारी एक जाड, सरळ सळई घातली, म्हणजे तुकडे रेषेतच राहतात. मग थोडं इकडे, थोडं समोरच्या बाजूला, अशी झाळ दिली, मध्ये मध्ये गार होऊ दिलं. तुम्ही याला बायकी काम म्हणाला असता. शेवटी ती सळई आत एका बोटानं फिरली. दांडे अखंड पोलादातून नवे करून घेतले. जीपच्या स्प्रिंगपाट्या बसायच्या जागा घासून काढल्या आणि नवे ब्रॅकेट लावले. सुट्टीच्या दिवसांत, बाजेवर कांदे वाळत असताना, हे सगळं उघड्यावर केलं, आणि कोण बघतंय ते पाहिलं नाही.

आई लसूण सोलत शेजारी बसायची, डाव्या हातानं. ॲक्सल गाडीखाली बसला त्या दिवशी मी ठरवूनच विषय काढला. म्हटलं, आई, तुला आज सांगते, गाय आलीच नव्हती.

"मले माहीत आहे," ती म्हणाली. "चाक मले दिसलं न. माह्या बाजूनं निघालं अन् गाडीच्या पुढं पळत गेलं."

"मग गाय?"

"गाय मीच सांगितली. डॉक्टरनं विचारलं, कसं झालं बाई. तुहे बाबा भिंतीले टेकून उभे होते, तोंड पांढरंफटक. वाटलं, हा मानूस आता इथंच बसते. तोंडात आलं ते सांगून टाकलं." तिनं पाकळी वाटीत टाकली. "मले वाटलं, एक डाव सांगावं अन् सोडून द्यावं. त्यायनं तर गाय पाळलीच."

बाबा, मी इतकी वर्षं तुमचा तिरस्कार निदान एका खोट्यासाठी करत होते, आणि ते खोटंही तुमचं निघालं नाही. तेसुद्धा तिनंच करून दिलं, मोडक्या हातानं, आणि तुम्ही डब्यासारखं उचलून ऑफिसात नेलं. मी तिला म्हटलं, तुला संताप नाही आला? ती म्हणाली, "आला न. पण माह्यासमोर त्यायनं ती गोष्ट कधी सांगितली नाही. मले तेवढं पुरलं." मग मला आठवलं. तुम्ही रंगात येऊन हात हवेत फिरवताय, गाय उजवीकडून येतेय, आणि आई चहाचा ट्रे घेऊन दारात येते. तुम्ही गप्प. पाहुणे म्हणतात, मग काय झालं? तुम्ही म्हणता, चहा घ्या, गार होते. मी हे कितीदा तरी पाहिलं होतं. त्याचा अर्थ लावायची मला गरज वाटली नव्हती. म्हणजे तुम्हाला लाज होती. ती तुम्ही फक्त एका माणसासमोर वापरलीत, पण होती. यानं तुम्ही मोठे होत नाही. तिचं मनगट सरळ होत नाही. पण तुम्ही निर्लज्ज होतात असं मी लोकांना सांगत आले, ते वाक्य आता मला बदलावं लागेल, आणि याचाही मला तुमच्यावरच राग येतो.

काल अभनपूरच्या बाजूला एका रिकाम्या प्लॉटिंगमधल्या रस्त्यावर गाडी चालवली. आईच म्हणाली, "पहिले मी बसीन." मी नको म्हटलं, ती बसली. गाडी सरळ गेली. वळली, थांबली, पुन्हा गेली. चाकं जागेवर. आईनं डोक्यावरचा पदर दातात धरला होता आणि ती हसत होती, मशीनवर बसायची तेव्हा हसायची तशी. मग वेग थोडा वाढवला, तर मागून एक बारीक, रडका आवाज यायला लागला. ॲक्सलमधूनच. आतल्या गिअरचे दात मी जास्त जवळ बसवलेत किंवा फार लांब, काहीतरी माझंच चुकलं आहे. आई मागं वळून म्हणाली, "हा काह्याचा आवाज येऊन राहिला?"

मी म्हटलं, रस्त्याचा आहे.

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुन्हा दातात धरला. येत्या रविवारी ॲक्सल खोलणार आहे. तेल सांडेल, खाली अंथरायला कागद लागतील, तुम्हाला लिहिलेली ही पानं त्यालाच वापरीन.